इंदू, मी खाली गेलोय

काकांच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. त्यासाठी बेल होती. करोल बागेतल्या त्या घराच्या गच्चीवरची खोली, दिल्लीच्या भाषेत बरसाती, मी भाड्यानं घेतली तेव्हा काकांनी मला पाणी कधी येतं, कचरेवाला कधी येतो यातलं काहीच सांगितलं नाही. मला खोलीच्या मधोमध उभं केलं, स्वतः खाली गेले आणि बेल वाजवली. मग धापा टाकत परत वर आले.

"ऐकू आली?"

"आली."

"कशी वाजली?"

"बेलसारखी," मी म्हणाले.

"लांब की आखूड?"

आखूड म्हणजे पाणी आलं, मोटर लावा. लांब म्हणजे खाली या, चहा झालाय. आणि थांबून थांबून वाजतच राहिली तर हातातलं टाकून धावत यायचं. "ती अजून कधी वाजलेली नाही," ते म्हणाले, "पण असावी."

मी साताऱ्याची. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात इंग्रजी परिपत्रकं हिंदीत करायची नोकरी लागली म्हणून दिल्लीला आले होते. काका टेलिफोन खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाळलेले, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. माझ्याहून दुप्पट वयाचे, पण मला शेवटपर्यंत अहो-जाहो करायचे. आयुष्य दिल्लीत गेलं तरी त्यांची हिंदी सांगलीचीच राहिली होती. रिक्षावाल्याला "उधर से वळो" म्हणायचे आणि तो वळायचा.

गल्लीतल्या प्रत्येक घराच्या बेलवर त्यांचा डोळा असे. कुणाकडे लग्नाची पत्रिका द्यायला गेले तरी आधी बेल दाबून तोंड वाकडं करत. "लूज आहे," म्हणत, आणि दार उघडेपर्यंत टेस्टरनं झाकण काढून झालेलं असे. घरातली बाई दार उघडून बघते तो काय, उंबऱ्यावर एक म्हातारा तिच्या भिंतीतल्या तारा ओढतोय. सुरुवातीला लोक भांडले. मग सवय झाली. आमच्या गल्लीइतक्या खणखणीत बेला सगळ्या करोल बागेत नव्हत्या.

त्यांचं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजून कानात आहे. कुणी एखाद्या यंत्राचं कौतुक करत "अंकल, ये तो ऑटोमॅटिक है" म्हणालं की काका मान हलवत. "ऑटोमॅटिक असं काही नसतं. कुणीतरी आधी बसून विचार करून ठेवलेला असतो, एवढंच."

घरात बोलायचं काम काकूंचं. त्या पहाडगंजातल्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या, तिथूनच निवृत्त झालेल्या. गोऱ्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा मुलगा ताठ बसावा. चहा गाळताना, भाजी निवडताना, टीव्ही बघताना त्या बोलत असत. काका "हं" म्हणत. कधी कधी तेही नाही. एकदा काकू मला म्हणाल्या, "यांच्याशी लग्न म्हणजे ट्रंक कॉल बुक करून बसणं गं. लागला तर लागला."

काका हे ऐकून हसले. हसले म्हणजे चष्मा काढून पुसला.

काकूंचं काहीतरी बिनसतंय हे पहिल्यांदा कळलं ते पानिपतला. दिल्लीतली मराठी माणसं हिवाळ्यात बस करून काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, जातात, त्या वर्षी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. धुकं होतं. कुणीतरी भाषण करत होतं आणि माईक सारखा शिट्टी मारत होता. काकांना ते सहन होईना. ते उठून मांडवाच्या मागे गेले आणि माईकच्या पेटीत डोकं घालून बसले. आवाज स्वच्छ झाला, भाषण संपलं, पुऱ्या-भाजीची पाकिटं वाटून झाली, आणि मग लक्षात आलं की काकू नाहीत.

शोधाशोध झाली. स्मारकाच्या बागेत नाहीत, आमच्या बसमध्ये नाहीत. शेवटी फाटकाबाहेर कुठल्यातरी हरियाणवी शाळेची सहलीची बस उभी होती, तिथं सापडल्या. पुढच्या सीटवर ताठ बसलेल्या, मागे सगळी पोरं गप्प. त्यांची खरी बाई बसच्या पायरीवर उभी राहून म्हणत होती, "देखिए जी, ये हमारी मैडम नहीं हैं. पर बच्चे इन्हीं की सुन रहे हैं."

काका बसच्या दारात जाऊन उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, पण नवऱ्याकडे बघावं तसं नाही. शिपायाकडे बघावं तसं.

"यांची हजेरी कुणी घेतली?" त्यांनी विचारलं.

काकांनी बसभर नजर फिरवली. मग म्हणाले, "मी घेतली. सगळे हजर आहेत. चला."

काका खोटं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काकू लगेच उठल्या. परतीच्या वाटेवर त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या आणि काका सगळा रस्ता हातातलं पुरीभाजीचं पाकीट न उघडता बसून राहिले.

पुढं डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजाराचं नाव सांगितलं गेलं आणि तो बरा होणार नाही हेही सांगितलं गेलं. त्यांचा मुलगा अभय बंगळुरूला कंपनीत होता, तो धावत आला. अभय दिल्लीतच वाढलेला, त्याचं मराठी निम्मं हिंदी. "बाबा, तुम्ही दोघं माझ्याकडे चला ना यार. इथं एकटे कसे राहणार?"

"ती या घरात जिना न बघता उतरते," काका म्हणाले. "तिकडच्या घरात तिला जिना कुठं आहे ते कोण सांगणार?"

अभयला ते पटलं असेल नसेल, पण त्यानं हट्ट धरला नाही. त्याऐवजी सामान पाठवायला लागला. पहिल्यांदा आला कॅमेरा. बंगळुरूला बसून त्याला आईबाबा मोबाईलवर दिसणार होते. तो बसवून अभय परत गेला आणि दुसऱ्या दिवशी काकांनी कॅमेऱ्यावर पंचा टाकला. अभयचा फोन आला, "बाबा, मला सगळं काळं दिसतंय."

"बघायचं असेल तर यावं माणसानं," काका म्हणाले. "हे घर आहे, पोलीस ठाणं नाही."

बापलेकांत त्यावरून बरेच दिवस अबोला झाला. मग काकांनी स्वतःच एक तोड काढली. त्यांनी अभयसाठी एक छोटा दिवा तयार करवला. करोल बागेत सकाळी स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की तिकडे अभयच्या टेबलावर तो लागायचा. "दिवा लागला म्हणजे आम्ही उठलो. पुढची चौकशी फोनवर करावी." अभय मला नंतर म्हणाला, की त्या दिवसांत तो दात घासायच्या आधी दिवा बघायचा.

मग आला तो बोलणारा डबा. त्याला विचारलं की तो वेळ सांगायचा, गाणी लावायचा, औषधाची आठवण करायचा. बाईच्या आवाजात, हिंदीत. काकांनी तो उत्सुकतेनं दिवाणखान्यात ठेवला. दुपारी तो म्हणाला, "आपकी दवाई का समय हो गया है," आणि काकू पांढऱ्याफटक पडल्या.

"ही कोण बाई?"

"यंत्र आहे ते."

"मला फसवू नका. कधीपासून आहे ही घरात?"

त्या दिवशी काकूंनी जेवण घेतलं नाही. मी वरून खाली आले तर त्या माझा हात धरून कुजबुजल्या, "यांनी घरात बाई आणलीय गं. या वयात. आणि औषधंसुद्धा तीच देते." काका दाराशी उभे होते. त्यांनी डब्याची वायर काढली, तो खोक्यात घातला, आणि खोकं माळ्यावर टाकलं. हसावं की रडावं मला कळेना. काकांना मात्र त्यातून एक गोष्ट कळली होती. घराला बोलतं करायचं असेल, तर ते परक्या आवाजात बोलून चालणार नव्हतं.

त्यानंतर ते रोज मेट्रोनं चांदणी चौकाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊ लागले. पिशवीतून काय काय यायचं. दाराच्या चौकटीत बसवायचं चुंबक, गादीखाली घालायची पट्टी, गॅस आपोआप बंद करणारी तोटी, काडेपेटीएवढे स्पीकर. तारा त्यांनी भिंतीच्या आत अशा घेतल्या की कुठं काही दिसू नये. महिनाभर घरात सिमेंट उडत होतं. मग एक दिवस लांब बेल वाजली. मी खाली गेले. चहा नव्हता.

"दार उघडून बघा," काका म्हणाले.

मी बाहेरच्या दाराची कडी काढली. चौकटीतून काकांचा आवाज आला. "सूचना. कृपया घरातील व्यक्ती सोबत असल्याशिवाय हे दार उघडू नये."

"काका, हे परिपत्रक झालं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी दिवसभर हेच करते ऑफिसात. कुणी वाचत नाही."

खरंच तसं झालं. काकू त्या आवाजापुढं अदबीनं उभ्या राहायच्या, पूर्ण ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि दार उघडून जिना उतरायला लागायच्या. काकांनी मग वाक्याच्या आधी त्यांचं नाव घातलं. "निर्मला, दार उघडू नकोस." त्याचाही उपयोग होईना. का होत नाही, ते एका सकाळी कळलं.

त्या दिवशी मला सुट्टी होती. काका गच्चीवर आले, माझ्या खोलीतल्या खुर्चीवर बसले. असे ते कधी येत नसत.

"मी तिला हाक मारली," ते म्हणाले. "निर्मला, चहा घे. तर म्हणते, निर्मलाबाई बाहेर गेल्यात. काही निरोप आहे का?"

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मी विचारलं, मग तुम्ही कोण? तर म्हणाली, मी इंदू."

इंदू हे काकूंचं माहेरचं नाव. लग्नात काकांच्या घरच्यांनी ते बदललं होतं. "बदललं म्हणजे मीच," काका म्हणाले. "ताटात तांदूळ पसरतात ना, त्यात अंगठीनं मी लिहिलं, निर्मला. माझ्या आईनं ठरवलेलं. मी फक्त लिहिलं. हिला आवडलं का, ते कुणी विचारलं नाही. मीपण नाही." खिशातला टेस्टर काढून ते त्याचं टोक निरखत बसले. "आता ती लग्नाच्याही आधीच्या काळात गेलीय. तिथं मी नाहीच."

"तिथं जाऊन हाक मारा ना," मी म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी माझी खोली मागितली. खाली गल्लीचा आवाज येतो, रेकॉर्डिंगला वर शांत आहे, म्हणाले. मी गच्चीत कपडे वाळत घालत थांबले. दार लावलेलं होतं, पण त्या खोलीचं दार कधी नीट बसलंच नाही. आतून काका "इंदू" म्हणाले आणि थांबले. परत म्हणाले. खोकले. परत म्हणाले. पहिल्यांदा त्यात साहेबाचा आवाज होता. मग लाजल्यासारखा आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग असा एक आवाज आला की मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून राहिले. त्या माणसाच्या गळ्यात असा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं.

"इंदू, मी जरा खाली गेलोय. तू बस. येतो."

ते दारासाठी होतं. स्वयंपाकघरासाठी होतं, "इंदू, दूध मी बघतो, तू राहू दे." न्हाणीघराच्या दाराशी होतं, "दिवा लावलाय. सावकाश." अंथरुणावरून पाय खाली टेकले की, "उठलीस? चष्मा उशाशी आहे." आवाज कुठून येतो हे काकू शोधत नसत. नवरा घरात कुठंतरी आहे आणि बोलतोय, एवढं त्यांना पुरे होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या गप्प बसून त्याचं ऐकायला लागल्या होत्या.

सकाळची वेळ सगळ्यांत अवघड. काकूंना शाळेत जायचं असे. पर्स घेऊन, साडीला पिन लावून त्या दाराशी येत. त्यासाठी काकांनी शाळेच्या वेळेपुरतं दाराचं वाक्य बदललं. "इंदू, आज शाळेला सुट्टी आहे."

काकू शिक्षिका होत्या. एवढ्यानं त्या ऐकणार नव्हत्या. "कसली सुट्टी?" त्या दारालाच विचारत. म्हणून थोडं थांबून दार पुढचं वाक्य म्हणे, "गुरुनानक जयंतीची."

हे काकांना कसं सुचलं देव जाणे. पण आमच्या घरी रोज सकाळी गुरुनानक जयंती असायची. काकू पर्स ठेवून थेट बाल्कनीत जायच्या. खाली गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं, तिथले सरदारजी शटर उघडत असायचे. काकू वरून म्हणायच्या, "भाईसाहब, गुरुपरब की बधाई!" आणि सरदारजी शटर अर्ध्यावर सोडून दोन्ही हात जोडायचे. "लख लख वधाइयाँ, मैडम जी!" एकदाही चुकले नाहीत. कडक उन्हाळ्यात एका गिऱ्हाईकानं विचारलं, "आज कौन सा गुरुपरब है?" सरदारजी म्हणाले, "ऊपर वाले घर में है."

असं चाललं होतं. काका थकत चालले होते, ते दिसत होतं. रात्रंदिवस आपला आवाज घरभर ऐकून माणसाला काय होत असेल कोण जाणे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मला वाटायचं मी बोलत नाही म्हणजे माझ्याकडे बोलायला काही नाही. तसं नव्हतं हो. लाइन टाकलेली नव्हती."

एका दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. काकांचा नंबर होता, आवाज दुसऱ्याच कुणाचा. मेट्रोच्या स्टेशनवर एक अंकल जिन्याशी बसले ते उठले नाहीत, फोनमध्ये तुमचा नंबर वर होता. मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. त्यांच्या पिशवीत एक नवा स्पीकर होता. तो कुठल्या दारासाठी होता ते मला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. पुढच्या खोलीत ठेवलं. अभय विमानतळावरून निघाला होता. काकू भिंतीशी सतरंजीवर बसल्या होत्या, कुणीतरी त्यांना आणून बसवलं होतं. त्यांनी काकांकडे नीट निरखून बघितलं आणि मला हळूच विचारलं, "हे कोण गृहस्थ? बरं नाही का त्यांना?"

मी उत्तर द्यायच्या आत दार उघडलं. गल्लीतली कुणी बाई आत आली होती. आणि चौकटीतून काकांचा आवाज आला, "इंदू, मी जरा खाली गेलोय. तू बस. येतो."

खोलीतली सगळी माणसं दगड झाली. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला. "ऐकलंत ना?" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "खाली गेलेत. येतील."

लोक येत राहिले. मराठी मंडळी, खात्यातले जुने सहकारी, गल्लीतले शेजारी. दार उघडायचं, आणि दर वेळी, "इंदू, मी जरा खाली गेलोय." बायका तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, बंद करा ते. पण कुठून बंद करायचं? तारा भिंतीच्या आत होत्या, बटण कुठं आहे ते फक्त काकांना ठाऊक. शेवटी सरदारजी उठले. त्यांनी दार सताड उघडलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले, ते बंदही होऊ नये आणि पुन्हा उघडूही नये म्हणून. अभय येईपर्यंत ते तसेच उभे होते, आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

अभयनं आल्यावर पहिल्यांदा चौकटीतली तार शोधून तोडली. मग घरातल्या बोलणाऱ्या सगळ्याच तोडल्या, बेल तेवढी ठेवली. त्याला दोष कसा देणार? ज्याला अग्नी देऊन आलो तो स्वयंपाकघरातून "दूध मी बघतो" म्हणतोय, हे कुठल्या मुलाला सोसेल?

काकांचे दिवस झाले. काकूंसाठी पुष्पा नावाची गढवाली बाई दिवसरात्र ठेवली. अभयनं ग्रेटर नोएडाला वृद्धांसाठी बांधलेली एक जागा बघून ठेवली होती. चांगली होती. मीही त्याच्याबरोबर जाऊन आले. प्रत्येक खोलीत धोक्याचं बटण, रात्रंदिवस नर्स, हिरवळ. काकू तिथं ओळखणार मात्र कुणालाच नव्हत्या. तशा त्या आता अभयलाही ओळखत नव्हत्या. त्याला "भाऊसाहेब" म्हणायच्या, आणि सगळं घर पुन्हा पुन्हा फिरून बघायच्या. कपाटामागं, न्हाणीघरात, बाल्कनीत. कशाला ते विचारलं तर म्हणायच्या, "घर एवढं गप्प का आहे?"

आणि एका सकाळी ती बेल वाजली. थांबून थांबून, वाजतच राहिली. मी अनवाणी धावत खाली आले. पुष्पा बटणावर हात ठेवून रडत होती. ती पोळ्या करत होती, अभय अंघोळीला गेला होता, दार उघडं होतं आणि काकू नव्हत्या.

सरदारजींनी दुकानातली पोरं चारी दिशांना पिटाळली. अभय मेट्रोकडे धावला. मला एकच जागा सुचत होती. मी रिक्षा करून पहाडगंजला गेले आणि वाटेत अभयला फोन केला. रविवार होता. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. फाटकासमोरच्या पायरीवर काकू बसल्या होत्या, मांडीवर पर्स, साडीला नीट पिन. पायात चपला नव्हत्या, एका अंगठ्यातून रक्त येत होतं. एवढा रस्ता, एवढी रहदारी त्यांनी कशी ओलांडली असेल, त्याचा विचार अजून करवत नाही.

अभय पोचला. त्यांच्यासमोर खाली बसला.

"आई, इथं काय करतेस तू?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. दुखावल्या होत्या.

"भाऊसाहेब, आज सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही."

घरी आल्यावर अभयनं आईचा पाय धुऊन पट्टी बांधली, आणि मग वडिलांची हत्यारांची पेटी उघडून तोडलेल्या तारा जोडायला बसला. दिवसभर बसला होता. मी चहा द्यायला गेले तर म्हणाला, "बाकी सगळं ठेवतो. पण दारावरचं ते 'येतो' नको. ते मी कापणार. तिला असं वाट बघत ठेवणं ठीक नाही यार. ते झूठ आहे."

"गुरुनानक जयंतीपण खोटीच आहे, अभय."

"ते वेगळं," तो म्हणाला. आणि पुन्हा तारांवर वाकला.

ग्रेटर नोएडाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. बंगळुरूचं काम तो करोल बागेतूनच करू लागला, आणि काकू त्यानंतर जेवढं जगल्या ते त्याच घरात. गेल्या त्याही तिथंच, स्वतःच्या अंथरुणावर. त्यांच्यानंतर घर विकलं गेलं. मी आता द्वारकेला राहते. तिथं लिफ्टसुद्धा बोलते, आणि कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही.

तारा जोडल्या त्याच्या दुसऱ्या सकाळचं मात्र सांगायला हवं. गुरुपरब होऊन गेला होता, सरदारजींचे हात जोडून झाले होते. मी ऑफिसला निघताना अभयला वर्तमानपत्र द्यायला डोकावले होते. तो खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. काकू आतून आल्या, आमच्याकडे न बघता दाराशी गेल्या आणि कडी काढली.

"इंदू, मी जरा खाली गेलोय. तू बस."

आवाज थांबला. काकू थांबल्या. मान थोडी वाकडी करून, कान चौकटीकडे देऊन उभ्या राहिल्या. काहीच येईना.

"आणि?" त्यांनी विचारलं.

त्यांनी दार लावलं, पुन्हा उघडलं. "इंदू, मी जरा खाली गेलोय. तू बस." पुन्हा शांतता. त्यांनी चौकटीवर तळहात ठेवला. "अहो? आणि?" परत दार लावलं, परत उघडलं.

अभय उठला होता. तो दोन पावलं पुढं आला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "येतो. इंदू, येतो."

त्याचा आवाज हुबेहूब काकांचा होता. मला ते तोवर कळलंच नव्हतं.

काकू गर्रकन वळल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. भुवया हळूहळू जवळ आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या बाई आल्या, मागच्या बाकावरच्या मुलाला ताठ बसवणाऱ्या.

"अभय," त्या म्हणाल्या. "आईला नावानं हाक मारतात का रे?"

वडील गेल्यापासून अभय माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. आता तो तिथंच, दाराशी, लहान मुलासारखा खाली बसला आणि त्याला हुंदके आवरेनात. काकू गोंधळल्या. ओळख आली होती तशी निसटत होती, ती मला त्यांच्या डोळ्यांतून जाताना दिसली. पण हात थांबले नाहीत. त्यांनी वाकून त्याचं डोकं पोटाशी धरलं, केसांतून बोटं फिरवली.

"कोण रागावलं तुला?" त्यांनी विचारलं. "शाळेत कुणी मारलं का? उगी. बाबांना येऊ दे, मी सांगते त्यांना."